मिशीला टांगलेली पारडी

किस्से आणि ओला कचरा वेळच्या वेळी बाहेर काढावा, नाहीतर घरात वास सुटतो. बाळकुमला आमच्या बिल्डिंगच्या गेटवर आम्ही आया सकाळी स्कूलबसची वाट बघत उभ्या असतो. बस रोज उशिरा येते, त्यामुळे साठा भरपूर आहे. आजचा सगळा साठा एका कार्टूनचा.

पोरं 'धूमकेतू बबन' बघतात. त्यात मध्ये एक नवीन व्हिलन आला. डॉक्टर तराजू. ही एवढी मिशी, आणि मिशीच्या दोन टोकांना दोन पारडी टांगलेली. मारत नाही, ओरडत नाही. दोन पोरं समोर घेतो, गोड आवाजात "या, बसा" म्हणतो आणि एकेकाला एकेका पारड्यात ठेवतो. मग म्हणतो, "हा बघ कसा, आणि तू बघ कसा." जो हलका ठरला तो पेन्सिलीएवढा होतो. बबन उडत येईपर्यंत अर्धा वर्ग कंपासपेटीत जाऊन बसलेला.

माझी ओवी ज्युनिअर केजीत. घरी पोपट, शाळेत मुकी. टीचरनी मला बोलवून सांगितलेलं, "फॅन्सी ड्रेसला स्टेजवर दोन ओळी बोलली तर सीनियरला पाठवू. नाहीतर परत ज्युनिअरच." मी सातवी शिकलेली. टीचरसमोर माझ्याच तोंडातून दोन ओळी निघत नाहीत, तर पोरीला काय शिकवणार? आधीच झोप उडालेली, त्यात हा मिशीवाला.

* * *

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे डबे चाटूनपुसून रिकामे आले. हलकं पडायला नको ना! ओवीने तर दुधीची भाजी परत मागितली. मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

* * *

आमच्या गेटवर सगळ्यात शिकलेली निशा, आरवची मम्मी. तिने ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. असली कार्टून बंद करा, एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करणं म्हणजे त्याला विष पाजणं आहे. इतकं छान लिहिलेलं की मला रडूच आलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले.

त्याच्या खाली लगेच फोटो. आरवचं अबॅकसचं सर्टिफिकेट. "बाकीच्यांनी पण आपापल्या मुलांचं टाका ना, कळू दे कोण कुठे आहे."

* * *

भोईर आजींच्या भाताच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे. त्या नातवाला सोडायला गेटवर येतात. मी त्यांना म्हटलं, "आजी, काय भयंकर राक्षस दाखवलाय हो, ओवी रात्री दचकते."

आजी म्हणाल्या, "त्यो राक्षस? आमच्या हलदीला असल्या धा बसतात गो बाय. दारातून आलेल्या बाईचं सोनं नजरेनं तोलतात. मिशी नाय येवढंच."

* * *

फॅन्सी ड्रेससाठी मी ठाण्याला जाऊन भाड्याने झाडाचा ड्रेस आणला. शाळेत रीतच आहे, जे मूल बोलत नाही त्याला झाड करतात. ओळी पण सोप्या. 'मी झाड आहे. मला तोडू नका.'

ओवीने ड्रेसकडे बघितलं. "झाडाला तोडतात. डॉक्टर तराजूला कोण तोडतं?"

मी समजावलं, रागावले, चॉकलेटपण दाखवलं. शेवटी सासूबाई उठल्या आणि कपाटातून आपलं जुनं गंगावन काढून दिलं. त्याची मिशी केली. पारडी म्हणून दोन चहाच्या गाळण्या.

नवरा म्हणाला, "आणि चहा कशाने गाळू?"

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मिशीने."

* * *

फॅन्सी ड्रेसच्या दिवशी स्टेजवर सात झाडं झाली, दोन टोमॅटो झाले. आरव चंद्रावर जाऊन आला, तोही इंग्लिशमध्ये. मग ओवी आली. मिशी पोटापर्यंत, गाळण्या गुडघ्याला लागतायत. उभी राहिली आणि गप्प.

पहिल्या रांगेतून निशा शूटिंग करता करता म्हणाली, "बोल ना बेटा, आरव बघ कसा न घाबरता बोलला." मग माझ्याकडे वळून हळूच, "टेन्शन घेऊ नकोस गं, सगळी मुलं सारखी नसतात."

टीचर माईक घेऊन तिच्याजवळ गेल्या, गुडघ्यावर बसल्या. एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "आरव बघ कसा छान बोलला. आणि तू बघ."

ओवीने टीचरकडे बघितलं. मग निशाकडे बघितलं. दोन्ही गाळण्या दोन हातात धरून वर उचलल्या, आणि माईकमध्ये अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली,

"या टीचर, तुम्ही ह्यात बसा. आरवची मम्मी, तुम्ही ह्यात."