टेम्पोचे यू-बोल्ट आणि बावखल

आमचा टेम्पो मागून पार बसला होता. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतून केळी-नारळ भरून एव्हरशाईन सिटीत गेला की प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याचे बूड घासायचे. त्या आवाजावरून गिऱ्हाइकांना कळायचे की केळीवाला आला. मग आमच्या ह्यांनी ठरवले, मागची बाजू दोन इंच उचलायची.

मेकॅनिक अंगणातच आला. टेम्पो घोडीवर चढवला, चाके काढली, यू अक्षरासारखे वाकवलेले चार जुने यू-बोल्ट काढून ओट्यावर ठेवले. एक्सल आणि वरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवायचा आणि सगळे यू-बोल्टने आवळायचे, असे ते काम.

"भाऊ, ठोकळा आला की हे आखूड पडणार. लांब नवे आणा," मेकॅनिक म्हणाला.

"नवे कशाला? ह्यांनाच दोन-दोन इंच सळई वेल्ड करतो."

आमच्या घरात वेल्डिंगचे मशीन आल्यापासून काहीही फेकले गेलेले नाही. ह्यांनी जोडलेला झोपाळा एकदा सासूबाईंसकट खाली आला. तेव्हापासून त्या झोपाळ्यावर बसल्या तरी एक पाय जमिनीला टेकवून असतात.

"वेल्डिंगचा बोल्ट लोड घेत नाही, भाऊ. तुटला तर एक्सल मागे राहील आणि तुम्ही पुढे जाल."

"मग बरंच की, लवकर पोचेन."

मी चहा घेऊन उभी होते. 'नवेच आणा' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. परक्या माणसासमोर माझे असेच होते. तोंडातून बाहेर पडले, "साखर हवी का अजून?"

दोघे सळई बघायला मागच्या पडवीत गेले. मी चारही बोल्ट आणि त्यांचे नट केळीच्या टोपलीत घातले आणि वाडीमागच्या बावखलात, त्या शेवाळलेल्या तळ्यात, सोडले. दोन बेडकांनी उड्या मारल्या, बाकी कुणी पाहिले नाही.

परत आल्यावर शोधाशोध सुरू झाली. ह्यांनी आधी भंगारवाल्याला शिव्या घातल्या, मग सासूबाईंकडे वळले.

"आई, तू उचललेस का?"

"मी काय ते नाकात घालू?"

शेवटी हे म्हणाले, "जाऊ दे, नवे आणू." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढे म्हणाले, "स्टीलचे चकचकीत आणतो. राजोडीच्या समुद्राकडची खारी हवा, गंजायला नकोत. माप काय, अंदाजाने घेऊ."

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "अंदाजाने चप्पल घेतात, भाऊ. निदान एक तरी जुना दाखवायला हवा."

आता बोलणे भाग होते. मी खांबाकडे बघत म्हटले, "बावखलात आहेत."

"कुणी टाकले?"

"मी."

"का?"

"तुम्ही एकटेच पुढे गेलात, तर मी चहा कुणाला देऊ?"

मग सासूबाई म्हणाल्या, "मला सांगायचंस गो. मी ते मशीनच टाकलं असतं."

हे छातीभर पाण्यात उतरले. आधी एक कळशी सापडली, मग कुणाची तरी चप्पल, आणि तासाभराने एक यू-बोल्ट. वर येऊन डोक्यावरचे शेवाळ काढत म्हणाले, "चल दुकानात. जिने टाकले तिनेच निवडायचे."

हार्डवेअरच्या दुकानात सगळे पुरुष. मी ह्यांच्या पाठीमागे. ह्यांचा हात लगेच चकचकीत बोल्टकडे गेला.

दुकानदार म्हणाला, "तो पाइप बांधायला. पाट्यांना हा काळा, जाड." जुना बोल्ट शेजारी धरून त्याने जाडी आणि रुंदी जुळवली, लांबी दोन इंच जास्तीची काढली. मग दोन नट पुढे ठेवले. एक कोरा, दुसऱ्यावर दहाचा आकडा कोरलेला.

"यांत फरक काय?" ह्यांनी विचारले.

"आकड्याचा जास्त ताकदीचा."

हे कोऱ्याकडे बघू लागले. मी मागून हात घालून आकड्याचा नट उचलला आणि बोलले, "आकड्याचे द्या." दुकानातले सगळे वळून बघू लागले. मी खाली जमिनीकडे बघत राहिले, पण नट मुठीतून सोडला नाही.

संध्याकाळपर्यंत काम झाले. जाताना मेकॅनिक म्हणाला, "आठवडाभर माल वाहा, मग पुन्हा एकदा आवळा. नवे असतात, थोडे ढिले होतात." हे "हो हो" म्हणाले. ह्यांचे 'हो हो' मला ठाऊक आहे.

टेम्पो आता स्पीडब्रेकरवरून गुपचूप जातो. गिऱ्हाईक विचारतात, केळीवाला कधी येऊन गेला? हे खूश होते, आणि आठवा दिवस बोल्ट न आवळताच चालला होता.

दुपारी मी ह्यांच्या ताटात भाकरीच्या जागी मोठा पाना वाढला.

"हे काय?"

मी आमटी ढवळत राहिले. सासूबाई हसू दाबायला पाणी पिऊ लागल्या आणि त्यांना ठसका लागला. हे पाना घेऊन तसेच उठले आणि टेम्पोखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग खालून आवाज आला.

"नट अर्धा फेरा फिरला गो."

मी भाकरी तव्यावर टाकली.