आदल्या दिवशीचा मैसूरपाक

ती गोष्ट आठवली की अजून माझी छाती फुगते, तोंडाला पाणी सुटतं आणि थोडी लाज पण वाटते. तिन्ही एकदम होतं. पोलीस खात्यात इतकी वर्षं काढली, पण अशी केस दुसरी नाही.

आधी माझं सांगतो. मी आठवी नापास. आमचं घराणं मराठी, पण आजोबांपासून बेंगळुरातच. त्यामुळे माझं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात आणि कन्नड ऐकून इथली. शिपाई म्हणून भरती झालो आणि ढकलत ढकलत एएसआय होऊन रिटायर झालो. ठाण्यात सगळे तोंडावर ‘अण्णा’ म्हणायचे आणि पाठ फिरली की ‘लड्डू अण्णा’. पोट पुढं आणि मी मागं, असा मी चालायचो. त्यात शुगर निघाली. रोज पोटाला इंजेक्शन. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि बायकोनं त्यावर शिक्का मारला. पण रोज सकाळी ‘वॉकिंग’ला म्हणून निघायचो आणि मल्लेश्वरमच्या एका मिठाईच्या दुकानापर्यंत वॉक करायचो. एक तुकडा गरम मैसूरपाक, वर कडक कॉफी. कॉफी बिनसाखरेची घ्यायचो. नियम म्हणजे नियम.

आता केस. आमच्या हद्दीत एका बायोटेक कंपनीचं मोठं ऑफिस होतं. शुगरचं औषध बनवणारी कंपनी. मी टोचत होतो ते इंजेक्शन त्यांचंच. एक दिवस त्यांचे सिक्युरिटी ऑफिसर अर्ज घेऊन आले. म्हणाले, आमचा तिमाही निकाल फुटतोय.

मला वाटलं, कंपनीची पण सहामाही, तिमाही परीक्षा असते की काय! मी म्हटलं, “पेपर फुटला का सर?”

आमच्या इन्स्पेक्टर मॅडम शेजारी बसल्या होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नजर अशी की खोटं बोलणाऱ्याला आपोआप खोकला यायचा. त्यांनी मला समजावलं. दर तीन महिन्यांनी कंपनीनं नफा झाला की तोटा, ते जगाला सांगायचं असतं. जाहीर होईपर्यंत गुप्त. नफा चांगला निघाला तर शेअर वर, नाही तर खाली. पण इथं काय होतंय, निकाल चांगला असला की आदल्या दिवशीच लोक शेअर घेऊन मोकळे. म्हणजे कोणी तरी आतून सांगतंय. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या खात्यानं कंपनीला जाब विचारला होता.

सिक्युरिटी ऑफिसरनी टीप पण आणली होती. अकाउंट्समध्ये एक मुलगी आहे, नागपूरची. तिचा भाऊ पुण्यात शेअर दलालाकडे नोकरीला. निकालाच्या आधी ती भावाला रोज फोन करते. झालं! मी मनात म्हटलं, केस सुटली, जेवायला जाऊ या.

गुन्हा अजून नोंदवला नव्हता, प्राथमिक चौकशी चालू होती. नोटीस देऊन मुलीला बोलावलं. मराठी येतं म्हणून मला बसवलं. मुलगी दिसायला साधी, राजाजीनगरात पीजीमध्ये राहायची. ऑफिसात सगळ्यांच्या समोर तिचा लॅपटॉप काढून घेतला होता. डोळे लाल, पण मान ताठ.

मी आवाज जाड केला. “भावाला काय सांगत होतीस?”

“मी जेवली का, ते सांगत होती. निकालाच्या दिवसांत आम्हाला घरी जायला उशीर होतो, तर दादा म्हणतो रस्त्यानं फोन चालू ठेव.”

“आणि नफा-तोटा?”

“काका, मला काय माहीत असते? माझ्याकडे फक्त कच्च्या मालाचा खर्च. पूर्ण आकडा वरची दोन-चार माणसं बघतात.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही हे कुठलं मराठी बोलून राहिले, काका?”

मॅडमनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, काही नाही मॅडम, केसशी संबंध नाही.

खरी गोष्ट पुढं आली. कंपनीनं तिला सांगितलं होतं, गुपचूप राजीनामा दे, आम्ही अर्ज मागं घेतो. दोन दिवसांनी नवा निकाल होता, त्याच्या आत त्यांना भानगड मिटवायची होती. उद्या संध्याकाळपर्यंत सही नाही केली तर गुन्हा नोंदवा, असा त्यांचा आग्रह.

आणि मी, लोकांना शहाणपण शिकवणारा, तिला काय म्हटलं असेल? “सही कर पोरी. बेंगळुरात नोकऱ्या झाडाला लागतात. पोलिसाचं लफडं वाईट. स्वल्प अॅडजस्ट कर.”

ती म्हणाली, “काका, मी सही केली तर मी चोर ठरते. मग दुसरी नोकरी कोण देते? आणि बाबांना काय सांगू? मी चोरी केली नाही, सही पण करत नाही.”

अट्टल गुन्हेगार माझ्यासमोर अर्ध्या तासात ढासळलेले बघितलेत. ही ढासळली नाही. माझ्या नियमाप्रमाणे जो चोर असतो तो आधी भाव करतो, मग रडतो. ही रडून आली होती आणि भाव करत नव्हती.

म्हणून आवाज खाली आणून विचारलं, ऑफिसात कोणाशी वाकडं आहे का?

“नाही हो. उलट गेल्या वेळी नफा घसरला तर सगळे एकमेकांना धीर देत होते. डबा पण आला नाही त्या वेळी.”

“कसला डबा?”

“मैसूरपाकचा. निकाल चांगला लागला की मोठे साहेब सगळ्यांना डबा देतात. कंपनी एका शेडमध्ये होती तेव्हापासूनची पद्धत आहे म्हणतात.”

मी खुर्ची पुढं ओढली. “कुठल्या दुकानाचा?”

तिनं नाव सांगितलं. माझंच दुकान! मी विचारलं, “गरम असतो का? तूप सुटतं का?”

मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या, “अण्णा, हा प्रश्न चौकशीतला आहे का पोटातला?”

पोटातलाच होता. खोटं कशाला सांगू? तिथं माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही. सूर्य मावळायच्या आत मुलीला घरी सोडायचा नियम, म्हणून जबाबावर सही घेऊन सोडलं. जाताना ती मला म्हणाली, “काका, तुम्हाला पण मी चोर वाटते का?” मी फाईलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकिंगला गेलो. डोकं जड होतं. गोड खाल्लं की डोकं चालतं, असं मी स्वतःला पटवलेलं. दुकानाच्या पायरीवर चढलो तर तुपाचा वास रस्त्यापर्यंत. मोठ्या परातीत मैसूरपाक नुसता फुललेला.

मालक म्हणाला, “इवत्तु इल्ला, अण्णा. आज द्यायला नाही. नाळे बन्नी, उद्या या.”

“इल्ला म्हणजे? हे काय, माती आहे का?”

“सगळा कंपनीच्या ऑर्डरचा आहे. त्यांच्या मोठ्या साहेबांनी स्वतः फोन केला. स्वल्प अॅडजस्ट माडी.”

काल मी जे त्या पोरीला सांगितलं तेच आज मला परत. मी चिडलो. फुटपाथवर सामान मांडल्याबद्दल केस करीन, असं पण बोललो. खाकी अंगावर नव्हती, पण जीभ खाकी होती. मालक ओशाळला पण तुकडा काही दिला नाही.

माझ्या बाजूला एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, बगलेत पेपर, रिटायर माणूस. त्यांनी पण मैसूरपाक मागितला होता, त्यांना पण इल्ला झालं. मी वैतागलेला आणि हे बाबा खुदकन हसले! पायऱ्या उतरले, मोबाईल काढला आणि एकच शब्द बोलले, “तगो.” म्हणजे, घे.

पोलिसात एवढं एक शिकलो. काही चोरलं की माणूस घाबरतो, काही हुकलं की चिडतो. हुकल्यावर जो हसतो, त्याच्या खिशात दुसरं काही तरी असतं. आणि तूप सुटलेला मैसूरपाक हुकल्यावर हसणारा तर मी जन्मात बघितला नव्हता.

आमच्या डोक्यातली ट्यूबलाइट जुनी. फडफड, फडफड, मग लागते. मोठ्या साहेबांचा फोन. ऑर्डर. निकाल उद्या. डबा फक्त नफा झाला तर... असा इल्ला आधी पण एक-दोनदा ऐकला होता, तेव्हा नुसता चिडून घरी गेलो होतो.

मी त्यांच्या मागं पळालो. पळालो म्हणजे पोट पळालं, मी त्याला धरून गेलो. ते ऑटोत बसायच्या आत धापा टाकत त्यांचा हात पकडला. ते मला म्हणाले, “सार, तुम्हाला बरं नाही का? पाणी देऊ?” मी कार्ड दाखवलं आणि म्हटलं, ठाण्यात चला, पाणी तिथं पिऊ.

ठाण्यात मॅडमसमोर ते बिनधास्त बोलले. रोज समोरच्या बाकावर कॉफी पितात. एकदा कंपनीची गाडी मैसूरपाक भरून नेताना दिसली, त्याच दिवशी दुपारी चांगला निकाल आला. पुढच्या वेळी गाडी नाही आली, निकाल पडला. मग त्यांनी ताडलं की निकाल दुपारी, डबे सकाळी, म्हणजे ऑर्डर आदल्या दिवशी. निकालाची तारीख तर पेपरात येतेच. बस. आदल्या दिवशी मैसूरपाक मागायचा. मिळाला तर गप्प घरी, नाही मिळाला तर फोन. वॉकिंगच्या मित्रांना सांगायचे, मित्र त्यांच्या मित्रांना. दुपारपर्यंत अर्धं मल्लेश्वरम तगो तगो करत असायचं.

“कंपनीत कोणाला ओळखता?” मॅडमनी विचारलं.

“कोणाला नाही मॅडम. मिठाईकडे बघणं कुठल्या कलमात बसतं?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. बसत असतं तर मला जन्मठेप होती.

दुपारी कंपनीच्या मोठ्या साहेबांना बोलावलं. मुलीला पण, कारण सहीची मुदत त्याच दिवसाची. साहेब आले, पिकलेले केस, शांत माणूस, सोबत ते सिक्युरिटी ऑफिसर. मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर बसली, पर्स घट्ट धरून.

मॅडमनी सरळ विचारलं, “सर, उद्याचा निकाल कसा आहे?”

साहेब ताठ झाले. “सॉरी मॅडम. पोलिसांना पण सांगता येत नाही. बोर्डाची सही व्हायची आहे. माझ्या बायकोला पण माहीत नाही.”

माझ्यानं राहवलं नाही. “चांगला आहे सर. अभिनंदन.”

साहेबांचा चेहरा पडला. सिक्युरिटी ऑफिसर उठून उभे राहिले आणि मुलीकडे बोट करून म्हणाले, “हिनं सांगितलं! बघा!”

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “अण्णा, कोणी सांगितलं ते सांगा.”

“साहेबांनीच सांगितलं. सकाळी. मिठाईवाल्याला फोन करून.”

मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाले, “शेडमध्ये होतो तेव्हा पहिला नफा झाला. सगळ्यांना एकेक तुकडा आला होता. मला वाटलं, ती पद्धत मोडू नये.” मग माझ्याकडे वळले. “पण तुम्हाला दुकानातलं कसं समजलं?”

“मी रोज जातो सर.”

मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला शुगर आहे ना?”

“आहे मॅडम. ह्यांचंच इंजेक्शन घेतो. म्हणजे सर, तुमच्या नफ्यात माझा पण हातभार आहे.”

साहेब हसले नाहीत. ते उठून मुलीसमोर गेले आणि हात जोडून सॉरी म्हणाले.

मला वाटलं, पोर आता रडेल आणि ‘इट्स ओके सर’ म्हणेल. ती उभी राहिली. इंग्लिशमध्ये काही तरी बोलली. मला अर्धं समजलं, म्हणून मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, “काका, मी सरांना म्हटलं, सॉरी इथं नको. जिथं सगळ्यांसमोर माझा लॅपटॉप काढला, तिथं म्हणा. आणि अजून एक. डबा नफा झाला की देता, तो तोटा झाला तरी द्या. नफा घसरला त्या तिमाहीत आम्ही जास्त राबलो होतो.”

मॅडमनी हळूच टेबलावर थाप मारली. हे दिलं तर चोरायला काही उरतच नव्हतं. डबा दर वेळी येणार, मग मिठाईवाल्याच्या परातीवरून काय कळणार? मोठ्या मोठ्या सिक्युरिटीनं बंद न झालेलं भोक त्या पोरीनं एका वाक्यात बंद केलं, आणि वर आपल्या माणसांचं भलं केलं.

साहेब म्हणाले, “सरी, ठीक आहे. दोन्ही.” अर्ज त्यांनी तिथंच लेखी मागं घेतला. दुसऱ्या दिवशी, निकालाच्या धामधुमीत, सगळ्या मजल्यासमोर त्यांनी तिची माफी मागितली. चौकशी बंद करायला मी गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलं. पोरगी मान ताठ ठेवून उभी होती आणि डोळे माझे ओले. ती जवळ आली आणि म्हणाली, “काका, परवा मी विचारलं होतं, तुम्ही उत्तर नाही दिलं.” मी म्हटलं, “बाळ, मी तुला सही कर म्हटलं, ते विसर. आठवी नापास माणसाचा सल्ला होता.” ती हसली आणि वाकून माझ्या पाया पडली. मला पोटामुळं ती दिसलीच नाही, नुसता आशीर्वाद दिला.

मॅडमनी मोठेपणा केला. अहवालात लिहिलं, ‘स्थानिक गुप्त सूत्राकडून मिळालेल्या माहितीवरून.’ त्यावर मला वरून शाबासकीचं पत्र आलं. बायकोनं फ्रेम करून भिंतीवर लावलं. मग एक दिवस विचारलं, “अहो, ते गुप्त सूत्र कोण?” मी पोटावर हात फिरवला. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर वॉकिंगला येते.

ह्या केसमध्ये कोणाला अटक नाही, कोणाला बेडी नाही, कोर्टात एक तारीख नाही. तरी माझ्या नोकरीत मला सगळ्यात मोठी केस हीच वाटते. एवढंच शिकलो की गुपित वाईट माणूसच फोडतो असं नाही. चांगल्या माणसाला आनंद झाला की तो पण फोडतो, आणि त्याला पत्ता पण नसतो. आणि निर्दोष माणसाला ‘मिटवून टाक’ असा सल्ला कधी देऊ नये. मिटवायला तयार होतो तो आपण. त्याला तर उजळ माथ्यानं जगायचं असतं.

पोरगी अजून त्याच कंपनीत आहे, आता मोठ्या पोस्टवर. दर तिमाहीला तिच्याकडून एक डबा आमच्या घरी येतो. बायको अख्ख्या गल्लीत वाटते आणि मला कोपऱ्यातला चुरा देते. गेल्या वेळी पेपरात होतं, कंपनीचा नफा चांगलाच घसरला. मी दारात बघत बसलो होतो. संध्याकाळी डबा आला. झाकण उघडलं, तूप सुटलेलं होतं, आणि माझी छाती अशी फुगली!

बायको म्हणाली, “छाती नाही हो ती.”