सुरतेतले नाना

निंबा कतारगामच्या एका मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचा. उंची सव्वातीन फूट. मागापर्यंत हात पोचत नसे, म्हणून त्याला बसून करायचं काम मिळालं होतं. समोर माग एका लयीत चालत राहत आणि निंबाची नजर हळूहळू विरघळत जाई. मग तिथे माग नसत, माणसंच माणसं असत. खटखट म्हणजे टाळ्या. तो उभा राहून बोलतोय आणि सगळे ऐकताहेत.

जेवणाच्या सुट्टीत यातलं थोडं खरं व्हायचं. मुकादम, रेशनवाला, मांडवात रुसलेला व्याही अशा नकला तो करी आणि खानदेशी कामगार डबे बाजूला सारून हसत. घरात पुतणे त्याला 'नाना' म्हणत, तेच नाव कारखान्यातही रुळलं. तिशीच्या आतच तो साऱ्यांचा वडीलधारा झाला.

१९६६ च्या गणेशोत्सवात मंडळाचे चिटणीस, बँकेतले श्रीकांतराव, एक पिशवी घेऊन त्याच्याकडे आले.

"निंबा, तुला पाच मिनिटं दिली. हे झबलं-टोपरं घाल. मागावरचा सुकलाल तुला कडेवर घेऊन येईल."

"साहेब, मला बोलायचंय."

"अरे, निम्मे लोक गुजराती. तुझं बोलणं कळणार कुणाला?"

घरी आईने, सुभद्राबाईंनी, झबलं चिमटीत धरून पाहिलं. "लोके तुले हसतीन, बेटा. तुना बोलनाले नही."

निंबाने रात्रभर विचार केला नाही की कुणाला विचारलं नाही. कार्यक्रमाला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेला. पिशवी घरीच राहिली.

निवेदक छगनभाई चांगले सहा फुटी. कामगारांकडून त्यांनी नाव विचारून घेतलं होतं. गुजरातीत नाना म्हणजे लहान. त्यांना वाटलं, चिडवायचं नाव असेल. माइकवर ते ओरडले, "हवे आवे छे नाना! जेवुं नाम, एवुं कद!" जसं नाव, तशीच उंची.

निंबा दिसायच्या आधीच हशा उसळला. श्रीकांतरावांनी कपाळाला हात लावला. निंबा चालत मधोमध आला आणि हशा ओसरेपर्यंत नुसता उभा राहिला. दिव्यांच्या झगमगाटात पुढचे चेहरे पाण्यात पडल्यासारखे हलत होते.

"छगनभाई," तो सावकाश म्हणाला, "तमारे त्यां नाना एटले नानकडा. हमारे खानदेश में नाना मतलब घर का बड़ा." जरा थांबून त्याने पाय पुढे केला. "चालो, पगे लागो."

गोंधळलेले छगनभाई खरोखरच वाकले. कमरेत वाकले, गुडघ्यात वाकले, तरी पोट आडवं येऊन हात पायाला पोचेना.

"और नीचे, भाई! बड़े लोग तळमजले पे रहते हैं!"

आता हसले त्यात छगनभाईही होते. नंतर निंबाने व्याही काढला, रेशनवाला काढला, अर्धं अहिराणीत, अर्धं गुजरातीत. पाच मिनिटं संपल्याची खूण श्रीकांतराव करायला विसरले.

पुढची बारा वर्षं तो असाच उभा राहून बोलला. गोडादऱ्याच्या वस्तीत, लग्नांत, कारखान्यांच्या पूजेला. झबलं पुन्हा कुणी आणलं नाही असं नाही. तो हसून परत करी.

१९७३ मध्ये सुरतेजवळच्या पलसाण्याला, कापड रंगवणाऱ्या कामगारांपुढे, मधेच माइक बंद पडला. निंबाला वाटलं, आता लोक उठून जातील. मागचे उठलेही, पण पुढे सरकत आले आणि मंचाला टेकून, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. हात निळे, पिवळे, गुलाबी. निंबाने आवाज चढवला नाही. कुणी खोकलं तर शेजारचाच त्याला गप्प करत होता.