वाणात गेलेले मेण

सुलतानपुरात आमच्या शाळेमागे रंगरावांचे घर होते. माणूस इतका संकोची, की समोरून बाया आल्या तर तो स्वतःच्या चपलांकडे बघत चाले. त्यामुळे त्रेसष्ट साली, 'रंगराव बायांच्या कपाळाकडे टक लावून पाहतात' अशी ओरड झाली तेव्हा कोणाला ती खरी वाटेना. पण ती खरी होती, आणि तिचे कारण होते मेण.

रंगराव कांद्याचे बी धरत. आदल्या वर्षी पाऊण एकरात गोंडे पांढरेशुभ्र फुलले, पण हातावर चोळून पाहिले तर नुसते फोलपट. मेहकरच्या शेतकी प्रदर्शनात एका माहितगाराने त्यांना सांगितले, "गोंड्यावर मधमाशी बसली नाही तर बी भरणार कुठून? माशी बोलवा." बोलवायची रीतही त्याने सांगितली. जुन्या मडक्याला करंगळीएवढे भोक पाडायचे. आतून जुन्या पोळ्याचे मेण गवती चहा घालून वितळवून चोपडायचे. तोंड बंद करून मडके झाडाच्या बेचक्यात ठेवायचे. जुने घर सोडून निघालेला माश्यांचा थवा नवी जागा शोधत असतो; तो वासावर येतो आणि राहतो.

रंगराव एस.टी.ने थेट जळगाव जामोदला गेले. डोंगरातला मध बाजारात विकणाऱ्या माणसाकडून त्यांनी नारळाएवढा मेणाचा गोळा आणला. वासामुळे कंडक्टरने त्यांना सर्वांत मागच्या बाकावर बसवले. घरी त्यांनी मेण वितळवून डब्यात थिजवले, चार मडक्यांना भोके पाडली आणि तीन दिवस बैल बघायला गेले.

नेमकी त्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला वाण म्हणून कोणी फण्या लुटते, कोणी आरसे. सत्यभामाबाईंनी, म्हणजे रंगरावांच्या बायकोने, तो डबा उघडला. गोल ठसठशीत कुंकू लावायचे तर कपाळावर आधी मेणाचे बोट फिरवावे लागते, आणि दुकानातले मेण दुपारपर्यंतही कुंकू धरत नसे. हे मेण मात्र बोटाला सोडेना. बाईंनी त्याच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळल्या आणि सोळा सवाष्णींना वाण दिले.

रंगराव परतले तर डबा रिकामा.

"मेन कुठी हाय?"

"लुटलं. शेजारची रुखमाबाई म्हने, असं वान जलमात पाह्यलं नाही."

"अवं, ते माश्यांसाठी होतं!"

"मंग सांगावं नाही का? मले काय माहीत, माश्या कुकू लावतेत म्हून?"

"जा, परत मांगून आन."

"वान परत मांगतेत का कुठी? नवऱ्यासाठीच लावतो ना आम्ही कुकू. सोळा जनींले सांगू, पुसा म्हून?"

रंगरावांनी रिकामा डबा पुन्हा एकदा हुंगून पाहिला. जळगावच्या माणसाने पुढचे मेण उन्हाळ्याशिवाय नाही असे बजावले होते, आणि गोंडे पंधरा-वीस दिवसांत उमलणार होते. हेही वर्ष फोलपटात जायची लक्षणे होती.

आठवड्याने विहिरीवर रुखमाबाईंच्या कपाळाभोवती दोन माश्या घिरट्या घालू लागल्या. बाई घागर टाकून पळाल्या. गाव हसले, रंगरावांना मात्र आशा वाटली. माशी गावात हिंडते आहे, वास ओळखते आहे! त्या दिवसापासून ते दिसेल त्या बाईचे कपाळ न्याहाळू लागले. शेवटी रुखमाबाईंचा नवरा कचरू दारात येऊन उभा राहिला.

"रंगराव, माह्या बायकोच्या कपायावर काय लिहेल हाय बे?"

"माशी पाहून राह्यलो होतो."

"माह्या म्हशीवर चाळीस माश्या हायेत. तिच्याकडं पाह्य ना!"

आतून सत्यभामाबाईंनी हे ऐकले. मेणाच्या भांडणापासून त्या नवऱ्याशी फटकून होत्या, पण नवऱ्याचे नाव असे चावडीवर जाणे त्यांना खपणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या सोळा घरी फिरल्या. मेण मागितले नाही. 'रथसप्तमीला आमच्या वावरात हळदीकुंकू आहे, वाणातलं मेण घेऊन या,' एवढेच सांगितले.

रथसप्तमीच्या दुपारी बाया जमल्या तेव्हा बांधावर चार मडकी चार पाटांवर बसवलेली होती.

"ह्या नव्या सवाष्नी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पह्यले त्यायले मेन लावा, मंग कुकू. मेन आतून लावायचं बरं का."

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. पण सवाष्णीला कुंकू नाकारणार कोण? एकेकीने मडक्यात हात घालून आपली गोळी चोपडली. परत मागणे नाही की परत देणे नाही. रुखमाबाईंनी तर मडक्याच्या पोटावर रुपयाएवढे कुंकू रेखले.

बांधापलीकडून कचरू ओरडला, "सवाष्नी झाल्या, नवरदेव कुठी हायेत?"

"तुमीच या ना बाशिंग बांधून," रुखमाबाई म्हणाल्या, "चार-चार भेटतीन!"

तोंडे लिंपून मडकी बांधावरच्या झाडांत ठेवली. पाच दिवस काही नाही. गोंडे उमलू लागले आणि रंगरावांचे जेवण सुटले. सहाव्या दिवशी भर दुपारी वर घूंऽऽ असा आवाज झाला, रुखमाबाईंच्या कुंकवाच्या मडक्यावर धुरकट ढग उतरला आणि बघता बघता भोकातून आत गेला. बाकीच्यांपैकी एकात मुंगळे राहायला आले, दोन रिकामीच राहिली.

त्या साली बी काळेभोर भरले. पण माझ्या लक्षात राहिली आहे ती थवा आल्यानंतरची पहिली सकाळ. रंगराव गोंड्यांशेजारी उकिडवे बसले होते. सत्यभामाबाई भाकरी घेऊन आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "बसल्या का वो माश्या?"

रंगरावांनी ओठांवर बोट ठेवले. "हळू बोल ना. जेवून राह्यल्या त्या."

बाई पाय न वाजवता जवळ येऊन बसल्या आणि भाकरीचे फडके सोडता सोडता तितक्याच हळू म्हणाल्या, "अन् तुमी?"