खोल पाण्यातला विसावा

शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्या देशमुखबाई तलावाच्या मध्यावर उताण्या झाल्या आणि हात पसरून आभाळाकडे बघत पडून राहिल्या. थोड्या वेळाने पालथ्या होऊन पुन्हा हात मारू लागल्या. मी काठाला धरून बघत होतो.

एक्कावन्नाव्या वर्षी मी पोहायला शिकलो आणि आमच्या शिक्षिका सुलभाताईंनी लगेच स्पर्धेत माझं नाव घातलं. तलावाची एकच लांबी पोहायची होती. पण तळ खोल गेला की माझा हात आपोआप बाजूच्या दोरीकडे जायचा.

"दमलात का मघाशी?" मी बाईंना विचारलं.

"छे, घाबरले होते," त्या म्हणाल्या. "अशा वेळी पडून राहायचं. पाणी धरतं हो आपल्याला."

भीती गेल्यावरच पुढे जायचं, असं मी आयुष्यभर मानत आलो. त्यापायी नोकरी बदलली नाही, गाडी शिकलो नाही. भीती असतानाही विसावता येतं, हे मला पासष्टीच्या बाईंनी दाखवलं.

स्पर्धेत खोल भाग आला तसा हात दोरीकडे जाऊ लागला. मी उताणा झालो. कान पाण्यात गेले आणि काठावरचा गलका दूर गेला. छाती धडधडत होती, पण मी बुडत नव्हतो. मग पालथा होऊन निघालो. पोहोचलो तेव्हा बाकीचे टॉवेल गुंडाळून उभे होते.

"किती वेळ लागला?" मी धापा टाकत विचारलं.

"ते विचारू नका," सुलभाताई हसल्या. "उद्यापासून दोन लांब्या. याल ना?"

मी घाबरतच हो म्हणालो.