आमच्या बंबाचा धूर

आमच्या बचत गटातल्या आम्ही पाचजणी दुपारच्या उन्हात घरोघर फिरायचो, त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. सांगणं एकच असायचं, चुलीत आणि पाण्याच्या बंबात प्लॅस्टिक जाळू नका. बिस्किट-वेफरच्या पुड्यांचे कागद, दुधाच्या पिशव्या, खताच्या फाटक्या गोण्या, सगळं एका पोत्यात भरून ठेवा. जे घर हो म्हणेल त्याच्या दारावर आम्ही हिरव्या रंगानं एक पान काढायचो. अंथुर्णे गावात आमच्या आळीतलं पहिलं पान माझ्याच दारावर निघालं, कारण ब्रश माझ्या हातात होता.

त्याच सकाळी आमच्या बंबात एक जुनी चप्पल जळाली होती.

बंब आमच्या आबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे असतो. त्यांनी सगळी उमर साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. रिटायर झाल्यावर घरात त्यांच्या ताब्यात राहिला तो अंगणातला तांब्याचा बंब. पहाटे उठून नळकांड्यात वरून काय काय टाकायचे आणि धग लागली की समाधानानं विडी ओढत बसायचे. मी एकदा भीत भीत बोलले तर म्हणाले, "बॉयलरला जन्म गेला माजा. जाळ कसा करायचा ते तू शिकिवतीस व्हय मला?"

मी बादली उचलून आत गेले. त्या दुपारी परत लोकांच्या दारात जाऊन तेच बोलले. बोलताना माझा हात सारखा पदराकडे जायचा, वास तर येत नाही ना म्हणून.

आमच्या भिंतीला लागून एक म्हातारी राहते. नात्यात नाही, पण मी तिला आत्या म्हणते. मुलगा बारामतीला कंपनीत, सून तिकडंच, ही इथं एकटी. तिला दमा. पूर्वी तिची खाट ओट्यावर असायची. आमचा बंब पेटला की ती खोकत उठायची आणि आत जाऊन दार लावून घ्यायची. मला सगळं दिसायचं. मी पाणी भरत राहायचे.

मग एक दिवस बारामतीहून एक मॅडम आल्या. आमच्यासारखे गट गावोगाव उभे करण्याचं काम त्यांच्या संस्थेकडे होतं. एखादं घर दाखवा, म्हणाल्या. आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंनी क्षणाचाही विचार न करता मला पुढं घातलं. समाजमंदिरापासून आमच्या घरापर्यंत पाच मिनिटांची वाट होती. बंबाच्या जाळीखाली सकाळची राख तशीच होती. त्यात आणखी एका चपलेचा काळा, वितळलेला गोळा. मी सगळ्यांच्या आधी अंगणात शिरले आणि बंबासमोर परकर वाळत घालायच्या निमित्तानं उभी राहिले.

मॅडमनी दारावरच्या पानाचा फोटो काढला. मग आत्या दिसली म्हणून तिला विचारलं, "आजी, शेजारी हे सुरू झाल्यापासून तुम्हाला काय फरक वाटतो?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण मला फार वाटला.

"माजी खाट मी मागल्या बाजूला न्हेलीया आता," ती म्हणाली.

मॅडमना वाटलं, म्हातारीला प्रश्न कळला नाही. त्या हसल्या आणि पुढच्या घराकडे गेल्या. मला मात्र उत्तर नीट कळलं होतं. ती मला वाचवत होती, आणि वाचवता वाचवता खरंही सांगत होती.

चार दिवस मला कशात गोडी लागेना. भाकरी करपायची, शेरडांना पाणी पाजायचं राहून जायचं. शेवटी आत्याकडे गेले. ती मागल्या अंगणात लसूण सोलत बसली होती. मी म्हणाले, "आत्या, तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं आसतं? तुजी मान खाली गेली आसती. धूर थांबला आसता का?"

"नाही."

"मग? धूर थांबला की ये. तवर लसूण सोल."

मी बसून अर्धी पाटी लसूण सोलला.

पुढच्या बैठकीत मी उठून सांगून टाकलं की माझ्या घरात अजून जाळतात, माझ्या दारावरचं पान खोटं आहे. वाटलं, आता सगळ्या अंगावर येतील. पण माझ्या शेजारी बसलेली म्हणाली, "आमच्यात बी जाळत्यात." मग आणखी एक तेच म्हणाली. अध्यक्षीणबाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "माज्या घरातलं पोतं भरलं हाय. भरलेलं पोतं न्ह्यायचं कुठं ते मला म्हाईत न्हाय, म्हनून मीच परवा त्यातलं निम्मं चुलीत घातलं."

इतके दिवस आम्ही लोकांना साठवायला सांगत होतो आणि साठवलेल्याचं काय करायचं ते आम्हा पाचजणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

मग आम्ही पोती गोळा केली आणि बारामतीला निघालेल्या एका टेम्पोत घातली. मी आणि अध्यक्षीणबाई पोत्यांवरच बसलो. भंगारवाल्यानं एकेक पोतं उपडं केलं. बाटल्या घेतल्या, डबे घेतले, दुधाच्या पिशव्या नाक मुरडत घेतल्या. चकचकीत पुड्यांचे कागद पायानं बाजूला सारले. "हे कुणी घेत न्हाय ताई. उगा वझं वाहून आणलं तुमी." आम्ही ते पुन्हा पोत्यात भरलं. परत येताना बाई म्हणाल्या, "हे टाकायचं का वाटंत?" मी नको म्हणाले, पण माझाही जीव त्याला कंटाळला होता. आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात ती पोती उतरवली.

त्या थंडीत आत्याला पहाटे धाप लागली. आवाज ऐकून आबाच पहिले धावले. जीप बोलावली, तिला उचलून बसवलं, बारामतीच्या दवाखान्यात तिच्यासोबत तेच गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले आणि जेवले नाहीत. मी ताट वाढून समोर ठेवलं, तेव्हा म्हणाले, "कारखान्यात माज्या जोडीला भट्टी पेटती ठेवनारा एक फायरमन व्हता. त्याचा बी श्वास आसाच वाजायचा. आमी त्याला हसायचो."

एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी बंब पेटलाच नाही, त्यांनी गार पाण्यानं आंघोळ केली. तिसऱ्या दिवशी बाभळीची काटकं आणि तुराट्या घेऊन बसले. ओली काटकं पेट घेईनात. डोळे चोळत, फुंकत, शिव्या देत त्यांनी पाणी तापवलं. मी मदतीला गेले तर हातानंच मागं सारलं.

आठवड्यानं आत्या परत आली. खाट तिनं मागल्या अंगणातच ठेवली. मी म्हणाले, "आत्या, आता ओट्यावर घ्या की. आमच्यात जाळत नाहीत आता."

"बघू," ती म्हणाली. "पलीकडच्या घरातनं बी येतोच की."

ते खरं आहे. मी हल्ली आबांच्याही आधी उठते आणि अंगणात उभी राहून वास घेते. कधी स्वच्छ हवा असते, कधी जळक्या रबराचा वास येतो आणि कुठून येतो ते कळत नाही. मग मी बंबाचं झाकण काढून आत बघते. आबा रागावतात. "माज्यावर इस्वास न्हाय तुजा," म्हणतात. मागं एकदा सणासुदीला घाई होती, तेव्हा राखेत मला पिशवीची काळी कड सापडली होती. ती त्यांनी टाकली की माझ्याच हातून केराबरोबर नकळत गेली, ते अजून ठरत नाही.

गोठ्यातली पोती वाढत चाललीत, भंगारवाला घेत नाही ते सगळ्याजणी माझ्याकडेच आणून टाकतात. उंदीर झालेत, म्हैस तिकडं तोंड करत नाही. परवा निमगाव केतकीला माहेरी गेले होते, तिथल्या बाजारातही मी पुडे विकणाऱ्याला विचारून बसले, रिकामे कागद परत घेता का. त्यानं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. भाऊ म्हणाला, तू चार दिवस विश्रांतीला आलीस ना?

काल मॅडमचा फोन आला. पुन्हा गाव बघायला येतो म्हणाल्या, सोबत आणखी पाहुणे आहेत, एखादं चांगलं घर काढून ठेवा. मी म्हणाले, "या. पण ह्या खेपेला घर नाही, आमच्या गोठ्यातली पोती बघायला या." मग त्यांनी विचारलं, किती आहेत? मी फोन कानाला तसाच लावून मोजायला गेले.