अंगठ्याची खोबण

अकाहाने तोकुजी गेले त्याला दोन हिवाळे झाले. त्यांच्या नावाचा कुठे एक चिठोराही उरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या मनाला खात राहिलेल्या एका गोष्टीसाठीही.

मात्सुमोतोतल्या आमच्या गिटारच्या कारखान्यात ते दांड्या घडवायचे आणि मी पिकअप गुंडाळायची. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. गिटारची तार थरथरली की ती थरथर तिथे पकडली जाते आणि तिची वीज होते. एका गुंडाळीला सात-आठ हजार वेढे. वेढे मोजायला यंत्र होतं, पण तार तुटू न देणारं बोट माझं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. अकाहानेंना त्यांच्या दांडीचा होता. त्या तोऱ्याला हसावं की रडावं, मला अजून ठरवता येत नाही, कारण आम्ही जे बनवत होतो ती दुसऱ्याची नक्कल होती.

बहात्तर साली मालक ओगुची यांनी तोक्योहून दोन अमेरिकन गिटारी आणल्या, दोन्ही वापरलेल्या. एक कॅलिफोर्नियाची स्ट्रॅटोकास्टर, दुसरी मिशिगनची लेस पॉल. दोघी एकाच दशकात जन्मलेल्या, पण स्वभाव सासू-सुनेचे. स्ट्रॅटोकास्टर निघाली रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यातून. त्यामुळे तिचं सगळं खोलता येतं. दांडी चार स्क्रूंवर बसवलेली, बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. बॉडीच्या कडा छातीला टोचू नयेत म्हणून घासून उतरत्या केलेल्या. पिकअप तीन, प्रत्येकात एकच गुंडाळी. आवाज स्वच्छ, पण ट्यूबलाइटजवळ नेली की गुणगुणायला लागते. लेस पॉल आली मेंडोलिन कोरणाऱ्या जुन्या कारागिरांच्या घरातून. महोगनीच्या जाड बॉडीवर मेपलचा फुगीर थर, दांडी सरसाने कायमची चिकटवलेली. पिकअप दोनच, पण प्रत्येकात उलटसुलट दोन गुंडाळ्या, म्हणजे एकीची गुणगुण दुसरी मारून टाकते. आवाज भरदार, रेंगाळणारा. वजन असं की संध्याकाळपर्यंत खांदा उतरतो. गुंडाळ्या जास्त, म्हणून मला ती बया मुळीच आवडायची नाही.

"चिकटवलेली दांडी म्हणजे लग्न, सुमिएबाई," अकाहाने डबा खाताना म्हणायचे. "आणि स्क्रूवाली म्हणजे भाडेकरू."

"म्हणून तुम्ही जन्मभर भाडेकरूच घडवता वाटतं?"

"लग्नाला माणूस लागतं हो." आणि नोझावानाच्या पाल्याचं लोणचं माझ्याकडे सरकवायचे. ते आईबरोबर राहत. लोणचं आईचं.

नमुन्याच्या गिटारी मालकांच्या कपाटात कुलूपबंद असत. त्या खोलून मोजायचा हक्क एकट्या कामिजोंना, आमच्या आराखडे काढणाऱ्याला. हुकूम असा होता की मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक पडता कामा नये. नमुन्यात आहे ते सगळं आलंच पाहिजे, का आहे ते विचारायचं नाही. कामिजोंनी मोजलं, त्या मापाचे फर्मे कापले आणि दोन वर्षांनी ते वारले. अकाहानेंच्या हाती फक्त फर्मा आला होता. पुढे तो झिजून मोडला, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या, हाताला पाठ झालंय."

त्यांच्या दांडीत तिसऱ्या पडद्यामागे, म्हणजे सुरांच्या तिसऱ्या धातूपट्टीच्या पाठीला, जाड तारेच्या बाजूला, किंचित खोलगट जागा असे. अंगठा आपोआप तिथे जाऊन बसायचा. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच कारखान्याच्या दांडीला ती नव्हती. नागोयाचे वाजवणारे दुकानात जाऊन 'ती अंगठ्याची द्या' म्हणून मागत. कुणी विचारलं की अकाहानेंचे कान लाल व्हायचे. "हाताला सुचलं," एवढंच म्हणायचे. त्यांना तसंच वाटत होतं, आणि आम्हालाही.

कॅलिफोर्नियात कारागीर दांडीच्या टोकावर, जिथे ती बॉडीत झाकली जाते, तिथे पेन्सिलीने तारीख घालतात, कधी आपली अक्षरंही. आमच्याकडे त्याला सक्त मनाई. नकलेला कर्ता कसला?

मग येन महागला आणि अमेरिकेची मागणी कोरियाला गेली. शहाऐंशीच्या शरद ऋतूत तोक्योचे घाऊक व्यापारी कुसामा म्हणाले, "नक्कल आता कुणी घेत नाही. तुमची स्वतःची म्हणावी अशी एक गिटार दाखवा. पटली तर वर्षभराचं काम तुम्हाला देतो." आम्ही बेचाळीस माणसं होतो. मालकांनी लाकूड अकाहानेंच्या पुढ्यात ठेवलं.

दोन महिने ते खपले. बॉडी होक्काइदोच्या सेन झाडाच्या लाकडाची, दांडी स्क्रूंवर. तारा टेकतात त्या घोडीजवळ मी दुहेरी गुंडाळीचा पिकअप बसवला, दांडीजवळ एकेरी. सगळं जमल्यावर त्यांनी मला हाक मारली. दांडीच्या टोकावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अकाहाने तोकुजी'.

"बघून घ्या. आता झाकतो."

पन्नाशीचा माणूस, पण चेहरा पहिला नंबर आलेल्या पोराचा.

कुसामांनी गिटार मांडीवर घेतली. वाजवता वाजवता त्यांचा अंगठा तिसऱ्या पडद्यामागे थांबला. "बॉडीत थोडी स्ट्रॅटोकास्टर, थोडी लेस पॉल, ते चालायचंच. पण ही दांडी! कुणाची?"

"माझी," अकाहाने म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"अमेरिकेत नकलांवरून कोर्टकचेऱ्या झाल्यात, तेव्हा राग मानू नका. कॅटलॉगात छापण्याआधी तुमचा मूळ नमुना एकदा पाहतो."

मालकांनी कपाट उघडलं. कुसामांनी स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीवरून हात फिरवला आणि तो तिसऱ्या पडद्यापाशी अडकला. त्यांनी गिटार अकाहानेंकडे दिली.

खोबण तिथे होतीच. त्या जागेचं मूळ वार्निश गेलेलं, लाकूड कानशीने खरवडून वर ब्रशने हलका हात मारलेला. ब्रशच्या केसांच्या खुणाही दिसत होत्या. कुणा आधीच्या मालकाने घरी बसून स्वतःसाठी ती खरवडली होती. कामिजोंनी तीही इमानदारीने मोजली, फर्म्यात उतरवली. वापरलेल्या गिटारला कुणी हात लावला असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नमुना तो नमुना.

"अंगठा अधू असेल बिचाऱ्याचा," कुसामा हळूच म्हणाले. "वाईट वाटतं हो. पण ही तुमची म्हणून मी कशी विकू?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. खरवडली त्याने एकदा, पण चौदा वर्षं हजारो दांड्यांत प्रत्येक लाकडाच्या रेषेप्रमाणे ती बसवली कुणी? हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण व्यापारी दुखावला तर काम जाईल, या भीतीने मी माझी बोटं बघत बसले. काम तसंही गेलंच.

अकाहानेंनी स्क्रूड्रायव्हर घेतला. चार स्क्रू काढले, दांडी बाहेर घेतली आणि पॉलिशपेपरने आपलं नाव घासलं. फुंकर मारून भुसा उडवला, दांडी पुन्हा बसवली, सहाही तारा सुरात लावल्या. मग गिटार कुसामांपुढे ठेवून वाकून म्हणाले, "आता बरोबर आहे."

वसंतात कारखाना बंद झाला. अकाहाने सफरचंदांच्या गोदामात खोकी ठोकायला लागले. गिटारला पुन्हा हात लावला नाही. एकदा बस थांब्यावर भेटले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, मनाला किती लावून घ्याल?"

"अंगठा त्याचा होता, सुमिएबाई. वर्षं माझी गेली." त्यानंतर आम्ही सोबा शेवयांच्या वाढलेल्या किमतीबद्दल बोललो.

गेल्या महिन्यात जुन्या गिटारी जमवणारा एक माणूस नेमकी तीच गिटार घेऊन माझ्या दारात आला. कुसामांच्या गोदामात मिळाली म्हणे. त्याने दांडी खोलून दाखवली. "इथे काहीतरी घासलंय."

"नाव होतं. अकाहाने तोकुजी."

त्याने वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मला इतकं बरं वाटलं की चहा ठेवायला उठले. तेवढ्यात त्याने विचारलं, "आणि ही अंगठ्याची जागा, ती त्यांचीच कल्पना ना?"

हो म्हणायला माझ्यापाशी कितीतरी वर्षं होती. रोज मनात म्हणत आले होते. पण नमुन्याशी खोटं बोलायचं नाही, ही सवय माझ्याही हाडात मुरलेली.

"नाही," मी म्हटलं. "ती मूळ नमुन्यातच होती."

"अच्छा, म्हणजे नक्कलच," तो म्हणाला, आणि वहीतल्या नावावर त्याने एक रेघ मारली.